बी.एड.चा फॉर्म तिला न सांगता भरला?

सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आलंय. चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्याचं काम ते पाहतात. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत. कॉलेजात एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकल्यापासून तिला त्यांच्यासारखं सौर सेलच्या, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या साधनाच्या, सेंद्रिय (कार्बनच्या रेणूंच्या, प्लास्टिकसारख्या) पदार्थांवर संशोधन करायचंय. वडील विचारतात, बी.एड. बरं की औषध कंपनीतली नोकरी?

दादा, तुमच्या एका ओळीपाशी मी थांबले. ‘तिला न सांगता बी.एड. सीईटीचा फॉर्म भरून टाकलाय.’ मुलगी सज्ञान आहे. मायेपोटी केलंत, पण हे चुकलंच. मन नसताना ती शिक्षिका झाली, तर समोरच्या पोरांचंही नुकसान होईल. आज रात्री जेवताना तिला सांगून टाका.

‘प्लास्टिकमधून वीज जाते म्हणे, कुणीतरी पोरीच्या डोक्यात भरवलंय,’ असंही तुम्ही लिहिलंत. जाते हो. १९७७ साली पॉलिअ‍ॅसिटिलीन नावाच्या प्लास्टिकला आयोडीनची वाफ दिली आणि त्यातून वीज वाहू लागली. त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा या शास्त्रज्ञांना २००० सालचं नोबेल मिळालं. आणि हे तुमच्याच धंद्यातलं शास्त्र आहे. तुमच्या रंगाच्या रेणूत एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून असतात, म्हणून तो प्रकाश शोषतो आणि सुताला रंग दिसतो. वीज वाहणाऱ्या प्लास्टिकात आणि सौर सेलच्या सेंद्रिय पदार्थांतही तेच बंध असतात. प्रकाशाने जागा झालेला इलेक्ट्रॉन शेजारच्या दुसऱ्या थराने ओढून घेतला की वीज मिळते. चिंग टँग या शास्त्रज्ञांनी १९८६ साली असा दोन थरांचा सेल मांडला, तेव्हा कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. आज प्रयोगशाळेत ती २० टक्क्यांच्या आसपास आहे. टिकण्यात मात्र नेहमीच्या सौर पॅनेलमधलं सिलिकॉन अजून सरस आहे, हवा-पाण्याने हे रेणू बिघडतात. उन्हात न विटणारा रंग किती अवघड, हे तुम्हाला मी काय सांगू! तेच काम तिला करायचंय.

वाट ठरलेली आहे. जॅम (आयआयटी वगैरेंत एम.एस्सी.ला प्रवेश देणारी परीक्षा) किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, एम.एस्सी., सीएसआयआर-नेट ही संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा, मग पीएच.डी. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये. पण पीएच.डी.त पाचेक वर्षं जातात आणि प्राध्यापकाची कायम जागा सहजी मिळत नाही, हे तिलाही ऐकवा. एका व्याख्यानावर आयुष्य ठरवू नये. परीक्षेनंतर दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळतं का, ते तिने सोलापूर विद्यापीठात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विचारावं. आठवडाभर फसलेला प्रयोग सोमवारी पुन्हा लावावासा वाटतो का, हे तिथेच कळेल.

आणि एखाद्या रविवारी तिला तुमच्या रंगखात्यात न्या. रंग पक्का कसा बसवता ते दाखवा, आत रेणूत काय घडतं ते तिला विचारा.