वाचकांचे प्रश्न : चित्रकथेचा संपादक काय करतो?

प्रश्न : आमच्या शाळेतील आठवीची मुले पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात १८ जून १९४६ रोजी मडगावला भरलेल्या राममनोहर लोहियांच्या सभेवर चित्रकथा तयार करीत आहेत. 'अमर चित्र कथे'च्या अंकांवर अनंत पै यांचे नाव संपादक म्हणून दिसते. ते स्वतः लिहीत की केवळ देखरेख करीत?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : ते लिहीतही असत, राम वाईरकरांनी चित्रित केलेल्या 'कृष्ण' या अंकाची संहिता त्यांचीच. १९२९ मध्ये कर्नाटकातील कार्कळ येथे जन्मलेले पै लहानपणीच आईवडिलांना पारखे झाले आणि बाराव्या वर्षी मुंबईस आले. शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचे, पण ओढ बालसाहित्याची; १९५४ मधील त्यांचे 'मानव' हे मुलांचे मासिक मात्र टिकले नाही. पुढे टाइम्स समूहात त्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स'चे काम पाहिले. १९६७ मध्ये दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत ग्रीक देवतांविषयी अचूक सांगणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्याच वर्षी इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' सुरू झाली. १९८० मध्ये 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक आले, आणि ते मुलांचे 'अंकल पै' झाले. २४ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

माझ्या मते त्यांचे खरे कौशल्य निवडीत होते. बहुतेक अंक ३२ पानांचे असल्यामुळे एवढ्या जागेत एखादे चरित्र बसवताना कोणता प्रसंग चित्राने दाखवायचा, कोणता निवेदनाच्या एका ओळीत सांगायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे चित्रकाराने पेन्सिल उचलण्यापूर्वीच ठरवावे लागे. या निवडीवर टीकाही झाली. राक्षस काळे आणि नायक गोरे रंगवण्याची रीत आज खटकते, आणि ती खटकणे योग्यच आहे.

आपल्या मुलांनाही हाच निर्णय करावा लागेल. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी गोव्यात असोळण्यास डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले, तेथून आरंभ करावा की पोर्तुगीज सरकारची बंदी मोडून भरलेल्या सभेतील अटकेपासून, हे आधी ठरवू द्यावे. नंतर प्रत्येक चौकटीत कोण दिसतो, कुठे उभा आहे आणि काय बोलतो, हे लिहून काढावे; संवादाच्या फुग्यात एका वेळी एकच छोटे वाक्य ठेवावे आणि जे चित्रात दिसते ते निवेदनात पुन्हा लिहू नये. लोहियांच्या तोंडी घातलेली वाक्ये मुलांनी रचलेली असतील, तर तशी नोंद पहिल्याच पानावर अवश्य करावी.