छोट्या सॉफ्टवेअरसाठी दुसऱ्याची प्रायव्हसी पॉलिसी कॉपी केली तर चालते का?

नको रे, कॉपी-पेस्ट करू नकोस. मी पण तेच केलं होतं, कोपरखैरण्यात बसून सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं छोटं सॉफ्टवेअर चालवतो, पॉलिसी उचलली एका अमेरिकन साइटवरून आणि खाली कॅलिफोर्नियाचं कोर्ट तसंच राहिलं, तर वाशीचे एक सेक्रेटरी काका म्हणाले, "भांडण झालं तर व्हिसा तुम्हीच काढून देणार ना?"

तुझं ठाण्यातल्या पोळीभाजी केंद्रांच्या डब्यांच्या हिशोबाचं ॲप आहे म्हणतोस, मग नाव, मोबाइल, पत्ता एवढंच घेतोस ना? तेच लिही, कशाला घेतो तेही लिही. कॉन्टॅक्ट लिस्टची परमिशन मागतोस ती आधी काढ, डब्याला कशाला लागते ती? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं पाहिजे, आणि नोटीस मराठीत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा बॅकअप उघड्या फोल्डरात टाकू नकोस.

टर्म्समध्ये रिफंड, अकाउंट बंद केल्यावर डेटा किती दिवसांत उडवणार, आणि ठाण्याचं कोर्ट, एवढं टाक. मग एकदा वकिलाला दाखव.