रस्त्यावरून आणलेली कुत्री अचानक आयसीयूत आहे, घरचे म्हणतात ‘कुत्र्यासाठी एवढं काय’. स्वतःला कसं सावरू?

सावरायचं नंतर बघू. आधी सांगा, तिची नसबंदी झालीय का? प्रश्नात तुम्ही बाकी सगळं लिहिलंत. सहा वर्षांची आहे, मंडईमागून उचलून आणली होती, चार दिवस खात नव्हती पण पाणी घटाघटा पीत होती, काल उभीच राहीना. एवढी एकच गोष्ट राहिली. पोटाची सोनोग्राफी अजून झाली नसेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि डॉक्टरांना विचारून या.

आमच्या कुत्रीचं, ठकीचं, असंच झालं होतं, गर्भाशयात पू साठला होता. नसबंदीत गर्भाशयच काढतात, म्हणून विचारतोय.

2014 च्या पावसाळ्यात वाईला मेणवलीच्या रस्त्यावर सिमेंटच्या गोणीत दोन पिल्लं सापडली, दोन्ही माद्या. एक मी घरी आणली, दुसरी एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याने ठेवून घेतली. वर्षभराने एका संस्थेचं नसबंदीचं शिबिर लागलं. चहावाल्याने त्याची नेली, कानाला कातरून खूण केलेली घेऊन आला. मला म्हणाला, तुमचीपण चला. घरात विषय काढला तर अण्णा म्हणाले, “एक वेत तरी होऊ दे तिचं. मुक्या जनावराची हाय घेऊ नये.” अण्णांनी तीस वर्षं म्हशी सांभाळल्या, त्यामुळे जनावरांच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. पुढे मी दर वर्षी विषय काढायचो आणि दर वर्षी तो तिथेच मिटायचा. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा काकूने ऐकवलं, “बायांचं वाटोळं केलं, आता कुत्र्यांच्या मागे लागलेत.” बायांबद्दल काकूचं काही चूक नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. भूल दिल्यावर ठकी उठलीच नाही तर, ही भीती माझीच होती. अण्णांच्या आड लपलो, एवढंच.

त्याच वर्षी जुलैअखेर ठकी माजावर येऊन गेली. गणपतीत, गौरी जेवल्या त्या दिवशी अण्णांनी तिला तूप लावून अर्धी पुरणपोळी घातली. संध्याकाळी ती ओकली. झालं, कारण सापडलं. दुसऱ्या दिवसापासून तिने अन्नाला तोंड लावलं नाही, पण पाण्याचं भांडं रिकामं, मग अंगणातली बादली अर्धी, मग न्हाणीतलं तांब्यातलं पाणी. पाच वर्षांत घरात कधी न मुतलेली कुत्री देवघरासमोर मुतली आणि आम्ही सगळे तिच्यावर ओरडलो. ती कान पाडून कोपऱ्यात गेली. ते कान मला अजून दिसतात.

गावातल्या डॉक्टरांनी सणासुदीचं खाणं बाधलं म्हणून उलटीचं इंजेक्शन दिलं. ती माजावर कधी आली होती हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ताप नव्हता, खालून काही स्राव नव्हता. स्राव नसला म्हणजे बरं असं वाटतं ना? तोंड बंद असलेली गर्भाची पिशवी जास्त वाईट. आतला पू आतच साठतो.

तिसऱ्या रात्री मागचे पाय गेले. पोट ताठ, हिरडी बोटाने दाबून सोडली तर रंग परत यायला तयार नाही. दोन सेकंदांत यायला हवा. शेजाऱ्यांची ओम्नी काढली. अण्णा न सांगता मागे चढून बसले, घोंगडीवर ठकी आणि तिच्या पोटावर त्यांचा हात. सुरूर फाट्यापासून खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत एकच वाक्य, “गॅस आहे, सुटेल.” शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मध्यरात्री तिथे कोणी भेटेल की नाही या शंकेने मी गाडी थांबवली नाही. तुम्ही ही चौकशी आजच करून ठेवा. रात्री कुठे उघडं असतं, फोन कोण उचलतं, हे घाटात बसून शोधायची गोष्ट नाही.

पुण्यात रात्रभर उघडा असलेला एक दवाखाना मिळाला. तरुण मुलगी होती ड्युटीवर. ठकीला टेबलावर ठेवायच्या आत तिने विचारलं, “माजावर कधी होती?” मी म्हटलं, दीड महिना झाला. तिने माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही, मशीन ओढलं, पोटाचे केस काढले, जेल लावलं आणि पडद्यावर काळे काळे फुगे दाखवले. पायोमेट्रा. गर्भाशयात पू.

प्रकार साधा आहे. दर माजानंतर, गाभण राहो न राहो, आठ-नऊ आठवडे प्रोजेस्टेरॉन चढं असतं. पिशवीचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं आणि आत शिरलेले जंतू, बहुतेकदा ई. कोलाय, तिथे मजेत वाढतात. त्यांच्या विषाने मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती तहान आणि ते देवघरासमोरचं मुतणं. स्वीडनमध्ये कुत्र्यांची सरसकट नसबंदी करायची पद्धत नव्हती, म्हणून तिथला हिशोब उपलब्ध आहे: दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चारातल्या एकीला हे होतं. आणि एक वेत झाल्याने यातून सुटका होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय.

रात्रभर सलाईन, सकाळी ऑपरेशन. तुम्ही विचारलंत तो भाग आता येतो आणि त्यात मी फार कामाचा नाही. मी त्या बाकावर बसून सलाईनचे थेंब मोजले. पुण्यातल्या मोठ्या भावाचा फोन आला, म्हणाला एवढ्या पैशांत चांगल्या जातीची दोन आली असती. मी फोन ठेवला तो सहा महिने उचलला नाही. तुमच्या घरच्यांनाही आत्ता पटवत बसू नका. ‘बरं’ म्हणा आणि दवाखान्यात जा. वहीत वेळा लिहा: उलटी, लघवी, औषध, डॉक्टर काय म्हणाले. मला त्या वहीने सावरलं, माणसांनी फारसं नाही. रडू आलं तर पार्किंगमध्ये रडा, तिच्यासमोर रडलात तर ती उठून तुमच्याकडे यायला बघते आणि टाके ताणतात. (हे अनुभवाचं आहे.) आणि घरातली माणसांची गोळी, क्रोसिन असो की कॉम्बिफ्लाम, कोणीही कितीही प्रेमाने सांगितलं तरी घालू नका.

ऑपरेशननंतर त्या डॉक्टरीणबाईंनी ट्रे बाहेर आणून दाखवला. बोटाएवढी जाड असायची जागा, तिथे दोन फुगलेली पडवळं. वजन केलं, अकराशे ग्रॅम. ठकी अख्खी सतरा किलोची. अण्णांनी ट्रेकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि चहा प्यायला बाहेर गेले.

स्टँडवरच्या चहावाल्याची कुत्री, उकिरड्यावर वाढलेली, तिला यातलं काहीच झालं नाही. लाडाची मरता मरता वाचली.

तुमचीला हेच असेल असं नाही. गोचीडतापातही कुत्री अशीच अचानक बसते, मूत्रपिंडं दुसऱ्या कारणानेही जातात, उंदराचं औषध खाल्लं असलं तरी असंच दिसू शकतं. कानाला कातरलेली खूण असेल तर नसबंदी आधीच झालेली असणार, मग माझं निम्मं उत्तर फुकट. नसबंदीचेही तोटे आहेत. वजन वाढतं, काहींना म्हातारपणी झोपेत लघवी गळते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत ती कधी करायची यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, सांध्यांमुळे. आणि वेळेत ऑपरेशन झालं तर बहुतेक जणी वाचतात, पण सगळ्या नाही. हे मी वरच लिहायला हवं होतं.

ठकी आता अकरा वर्षांची आहे, बहिरी झालीय, झोपते अण्णांच्या खाटेखाली. पाहुणे आले की अण्णा अजून सांगतात, “हिला एकदा पुरणपोळी बाधली होती, पार पुण्याला न्यावी लागली.” ते हे वाचणार नाहीत, पण पुतण्या वाचतो. त्याने आज जेवायला बसल्यावर हे मोठ्याने वाचून दाखवावं, वेताचं वाक्य दोनदा.