आधी हाड शोध

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या मेलबर्नला कुकरीचा कोर्स करतेय. पंधरा दिवसांनी बीफचे कट ओळखायची परीक्षा आहे. तक्ता तोंडपाठ आहे, पण ट्रेमध्ये तुकडे समोर आले की सगळे सारखेच लाल दिसतात. घरी आम्ही बीफ खात नाही, त्यामुळे हातालाही सवय नाही. काय करू, दादा?

उत्तर : तक्ता बाजूला ठेव. रविवारी बाबांबरोबर मटण आणायला गेली असशील ना? चाप, सीना, नळी, मांडी तुला माहीत आहेत. बोकडाला बरगड्यांच्या १३ जोड्या, बैलालाही तेवढ्याच. सांगाड्याची मांडणी तीच, फक्त आकाराने मोठी. बार्शीला आमच्या मटणाच्या दुकानात जे शिकलो, तेच मला इथे उपयोगी पडलं.

टी-बोनपासून, म्हणजे इंग्रजी टीच्या आकाराचं हाड असलेल्या कापापासून, सुरू कर. टीचा दांडा म्हणजे कमरेच्या मणक्यातून बाजूला निघालेला फाटा. त्याच्या पाठीकडच्या अंगाला स्ट्रिपलॉइन, पोटाकडच्या अंगाला फिले. जनावर चालताना फिलेला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो इतका मऊ. स्ट्रिपलॉइनचाच स्नायू पुढे बरगड्यांवर गेला की क्यूब रोल, म्हणजे दुकानातला स्कॉच फिले. स्ट्रिपलॉइनच्या कापात एकच मोठा स्नायू आणि कडेला चरबीची पट्टी दिसते. स्कॉच फिलेत दोन-तीन स्नायू असतात आणि मधे चरबी.

खरी फसगत मांडीत होते. सिल्व्हरसाइड उलटून बघ, एका अंगावर चांदीसारखा चकचकीत पापुद्रा दिसेल. नाव त्यावरूनच पडलंय. टॉपसाइड मांडीच्या आतला, रुंद. नकल (इंग्रजी knuckle) मांडीच्या हाडासमोरचा, गोलसर गोळा. खांद्याचा ऑयस्टर ब्लेड तर चुकूच शकत नाही, कापल्यावर बरोबर मधोमध पांढरी चिवट रेघ दिसते.

नावांचं मात्र सांभाळ. मी अमेरिकन पुस्तकावरून अभ्यास केला आणि परीक्षेत रंपला, म्हणजे कमरेच्या मागच्या पुठ्ठ्याला, सरलॉइन म्हणून बसलो. अमेरिकेत ते बरोबर होतं, इथे गुण गेले. फार वाईट वाटलं होतं. तू इथलीच नावं पाठ कर.

न खाण्याची काळजी करू नकोस. कट ओळखायला चव लागत नाही. मी स्वतः पहिलं वर्षभर खाल्लं नव्हतं. हातमोजे घालून प्रत्येक तुकडा उचल, धागे कुठल्या दिशेला जातात ते बघ, बोटाने दाबून जाड आहेत की बारीक ते बघ. जास्त राबलेला स्नायू भरड लागतो.

आणि एकदा सकाळी लवकर एखाद्या खाटकाच्या दुकानात जा, मागचा भाग सोडवताना बघू द्या म्हणून विनंती कर. कमरेचे ६ मणके मोज. सहाव्यानंतर सुरी उतरते, तिथून मागे रंप.