वाचकांचे प्रश्न : प्रतिस्पर्धी मोटार कंपन्या आणि सामाईक संशोधन

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अमेरिकेतील तीन मोठ्या मोटार कंपन्यांच्या ‘यूएसकार’ या संयुक्त संशोधन परिषदेविषयी आणि तिने निश्चित केलेल्या विद्युत कनेक्टरांच्या, म्हणजे तारा एकमेकींना व उपकरणांना जोडणाऱ्या भागांच्या, मानकांविषयी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या कंपन्या एकमेकींचे ग्राहक पळवण्यासाठी झटत असताना एकत्र बसून संशोधन कसे करू शकतात? अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी कायदा त्यांच्या आड येत नाही का?

उत्तर : बराच काळ तो आड येत होता, किंवा निदान कंपन्यांच्या वकिलांना तशी धास्ती वाटत होती. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार व्यापाराला अटकाव करणारे संगनमत हा गुन्हा ठरतो आणि अशा संगनमताची झळ बसलेल्या व्यक्तीला तिप्पट नुकसानभरपाई मागता येते. १९८० च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या स्पर्धेने अमेरिकी उद्योग हैराण झाला, तेव्हा या धास्तीपायी उपयुक्त सहकार्यही होत नसल्याची ओरड सुरू झाली आणि त्यातून १९८४ मध्ये राष्ट्रीय सहकारी संशोधन कायदा संमत झाला. संयुक्त संशोधनाला सरसकट बेकायदा न मानता त्याचे फायदे-तोटे तोलून निर्णय द्यावा, असे या कायद्याने न्यायालयांना सांगितले. शिवाय, करार झाल्यापासून ९० दिवसांत ज्या कंपन्या महान्यायवादी आणि संघराज्य व्यापार आयोग यांना रीतसर सूचना देतील, त्यांच्यावरील संभाव्य भरपाई तिपटीऐवजी प्रत्यक्ष नुकसानीपुरती मर्यादित करण्यात आली. १९९३ मध्ये संयुक्त उत्पादनालाही ही तरतूद लागू झाली. ही सवलत आहे, अभय नव्हे, हे लक्षात घ्यावे. किमती, खर्च किंवा विक्रीचे बेत यांची देवाणघेवाण तिच्या कक्षेत येत नाही.

या कायद्याच्या आधाराने तिन्ही कंपन्यांनी १९८८ मध्ये संमिश्र पदार्थांवर आणि १९९१ मध्ये विजेच्या गाड्यांच्या बॅटरीवर संयुक्त गट स्थापन केले. १९९२ मध्ये असे सगळे गट एका छत्राखाली आले, तेच यूएसकार. क्रायस्लरची मालकी त्यानंतर अनेकदा बदलली आणि आज तिच्या जागी स्टेलांटिस आहे. परिषदेची तीन सभासदांची रचना मात्र टिकून आहे.

प्रश्न : संशोधनासाठी एवढे मोठे विषय असताना कनेक्टरसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी तीन बलाढ्य कंपन्यांनी एकत्र येण्याचे कारण काय?

उत्तर : कनेक्टर क्षुल्लक वाटतो तो गाडी सुरळीत चालते आहे तोपर्यंतच. आधुनिक गाडीत नियंत्रण संगणक, संवेदक, इंजेक्टर, दिवे आणि लहानमोठ्या मोटारी यांना जोडणाऱ्या वायरिंग हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, शेकडो जोड असतात, आणि त्यातील प्रत्येक जोडात एका तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा, म्हणजे टर्मिनल, दुसऱ्यावर केवळ स्प्रिंगच्या दाबाने टेकलेला असतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे हे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष स्पर्श अगदी मोजक्या बिंदूंवर होतो आणि सगळा विद्युतप्रवाह तेवढ्याच बिंदूंतून जातो. स्वस्त पडतो म्हणून टर्मिनलवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. इंजिनच्या कंपनामुळे किंवा तापमानातील चढउतारामुळे दोन्ही टर्मिनल एकमेकांवर काही मायक्रोमीटर जरी पुढेमागे सरकले, तरी घासून उघडा पडलेला कथील हवेत पुन्हा ऑक्साइड बनतो, त्याचा चुरा स्पर्शबिंदूंवर साचतो आणि रोध वाढत जातो. या क्रियेला फ्रेटिंग कोरोजन म्हणतात. तिचा दोष सतत दिसत नाही, मधूनच डोके वर काढतो. तक्रार घेऊन गाडी कार्यशाळेत आली की तंत्रज्ञ तपासणीसाठी कनेक्टर काढून पुन्हा लावतो, त्या हालचालीने चुरा बाजूला सरतो, दोष नाहीसा होतो, आणि कित्येकदा एक निर्दोष नियंत्रण संगणक मात्र विनाकारण बदलला जातो.

तारेच्या टोकाला टर्मिनल बसवणे, म्हणजे क्रिम्पिंग, हेही तितकेच नाजूक काम आहे. दाब कमी पडला तर तारेच्या पेडांमध्ये पोकळी राहून ओलावा शिरतो. दाब जास्त झाला तर पेड चिरडून तुटतात. ही दोन्ही अपयशे कारखान्यातून बाहेर पडताना दिसत नाहीत, काही वर्षांनी रस्त्यावर दिसतात. हे सगळे भौतिकशास्त्र फोर्डच्या गाडीत एक आणि जनरल मोटर्सच्या गाडीत दुसरे असे नसते. तरीही पूर्वी प्रत्येक कंपनीची चाचणीपद्धत स्वतंत्र होती, आणि कनेक्टर बनवणाऱ्या पुरवठादाराला जवळजवळ सारखाच माल तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासून तीन अहवाल सादर करावे लागत. त्या दुहेरी-तिहेरी श्रमांचा खर्च शेवटी गाडीच्याच किमतीत चढत असे आणि त्यातून कोणाचीही गाडी दुसऱ्याच्या गाडीहून चांगली ठरत नसे.

यूएसकारच्या विद्युत जोडणी घटकांच्या गटाने १९९० च्या दशकात ही गुंतागुंत सोडवली. या गटात कंपन्यांच्या अभियंत्यांबरोबर पुरवठादारांचे अभियंतेही बसतात, आणि सिद्ध झालेली मानके अमेरिकेतील वाहन अभियंत्यांची संस्था एसएई प्रसिद्ध करते. त्यातील मुख्य दस्तऐवज ‘यूएसकार-२’ या नावाने ओळखला जातो. तो कनेक्टरांची तापमानानुसार प्रतवारी करतो. सर्व वर्गांची खालची मर्यादा उणे ४० अंश सेल्सियस, आणि वरची मर्यादा पहिल्या वर्गात ८५ अंशांपासून इंजिनलगतच्या कठोर वर्गात १७५ अंशांपर्यंत. सीलबंदीचे आणि कंपनाचे वर्गही असेच वेगळे असतात, कारण प्रवासी कक्षातील कनेक्टरला इंजिनवरील कनेक्टरची परीक्षा द्यायला लावणे म्हणजे पैशांचा अपव्यय. क्रिम्पिंगसाठी ‘यूएसकार-२१’ आणि उच्च दाबाच्या विजेच्या कनेक्टरांसाठी पुढे जोडलेले ‘यूएसकार-३७’ अशी स्वतंत्र मानके आहेत. मला यातील सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो तो माणसाच्या हाताचा विचार करणारा. जोड आजही मोठ्या प्रमाणावर कामगार हातानेच लावतात, म्हणून कनेक्टर पूर्ण बसल्याचा खटका ऐकू यावा किंवा हाताला जाणवावा, आणि तो लावण्यासाठी किती जोर लागावा, याचाही या मानकांत विचार केलेला आहे. अर्धवट बसलेला कनेक्टर कारखान्यातील विद्युत तपासणीत उत्तीर्ण होतो आणि नंतर खड्ड्याच्या एखाद्या धक्क्याने निसटतो. तो टाळण्याचे साधन प्रयोगशाळेत नाही, कामगाराच्या बोटांत आहे.

प्रश्न : मानक एक असेल तर एका कंपनीच्या गाडीतील कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत का बसत नाही?

उत्तर : कारण हे मानक मुख्यत्वे कामगिरीचे आहे, आकाराचे नाही. कनेक्टरने काय सोसावे हे ते सांगते. तो कसा दिसावा हे बहुतांशी पुरवठादारावर सोपवते. काही उपकरणांच्या बाजूचे सांगाडे आणि टर्मिनलच्या पात्यांची काही मापे सामाईक झाली आहेत, जेणेकरून एकाच प्रकारचा संवेदक अनेकांना विकता यावा. याउलट एकाच गाडीत शेजारी असणारे कनेक्टर चुकीच्या जागी लागू नयेत म्हणून त्यांच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. आकार तंतोतंत एक असावा असे जेथे खरोखर हवे होते, तेथे कायद्याने हस्तक्षेप केला : अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये १९९६ च्या मॉडेलपासून प्रदूषणविषयक दोष तपासण्यासाठी असलेला १६ पिनांचा जोड सर्व कंपन्यांसाठी सारखा आहे.

प्रश्न : सामाईक संशोधनातून ग्राहकाच्या हाती प्रत्यक्ष काय पडले?

उत्तर : अपेक्षेइतके नाही, आणि ज्याचा गाजावाजा अधिक झाला त्याचे फळ कमी आले. बॅटरीच्या संयुक्त गटाने आरंभी सुमारे २६ कोटी डॉलरचा कार्यक्रम आखला होता आणि त्यातील निम्मा वाटा सरकारचा होता. त्याचे पहिले कंत्राट १९९२ मध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीसाठी दिले गेले. ती बॅटरी यशस्वी झाली, पण तिच्यावर आधारलेली पहिली मोठ्या खपाची हायब्रिड गाडी, टोयोटाची प्रियस, १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली.

१९९३ मध्ये क्लिंटन प्रशासन आणि यूएसकार यांनी मिळून घोषित केलेल्या भागीदारीचे लक्ष्य याहून भव्य होते : गॅलनला ८० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ३४ किलोमीटर धावणारी कौटुंबिक गाडी. २००० मध्ये फोर्डने प्रॉडिजी, जनरल मोटर्सने प्रीसेप्ट आणि क्रायस्लरच्या डॉज विभागाने ईएसएक्स-३ अशा तीन प्रायोगिक गाड्या दाखवल्या. त्यांपैकी एकही बाजारात आली नाही, आणि २००२ मध्ये बुश प्रशासनाने कार्यक्रम गुंडाळून हायड्रोजनवर भर देणारा नवा कार्यक्रम आणला. अभियंत्यांचे काम वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. हलके पदार्थ आणि विद्युत नियंत्रण यांचे ज्ञान पुढे उपयोगी पडले. परंतु प्रायोगिक गाडी बनवण्यासाठी सहकार्य पुरते, ती विकायला आणण्यासाठी कोणाला तरी एकट्याने जोखीम घ्यावी लागते, आणि पेट्रोल स्वस्त असताना व मोठ्या गाड्यांवर भरघोस नफा मिळत असताना ती घेण्याची निकड कोणालाच नव्हती.

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने जमवलेल्या कंपन्यांच्या समूहाने १९९० च्या दशकात पुरस्कारलेल्या ४२ व्होल्टच्या विद्युत प्रणालीची कथाही याच वळणाची आहे. तिच्या मार्गातील एक अडचण तर कनेक्टरचीच होती. नेहमीच्या १२ व्होल्टच्या प्रणालीत चालू प्रवाहावर कनेक्टर ओढून काढला तर ठिणगी आपोआप विझते; ४२ व्होल्टला ती टिकून टर्मिनल जाळू शकते. बदलाचा खर्च आणि अशा अडचणी पाहता ती योजना मागे पडली.

प्रश्न : हे सहकार्य आणि संगनमत यांतील सीमारेषा कोठे आहे? संशोधनाच्या नावाखाली कंपन्या सुधारणा लांबवत नाहीत कशावरून?

उत्तर : लांबवल्याचा आरोप झालेला आहे, म्हणून शंका रास्त आहे. मोटार उत्पादकांनी १९५५ मध्ये प्रदूषण नियंत्रणाच्या उपकरणांचे पेटंट एकमेकांना विनाशुल्क वापरू देण्याचा करार केला. वरकरणी तो उदार होता. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने मात्र या कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरून असा आरोप केला की, अशी उपकरणे कोणीही इतरांच्या आधी बसवू नयेत असा त्यांच्यात समझोता होता. त्याच वर्षी खटला संमती-आदेशाने, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या न्यायालयीन आदेशाने, मिटला, त्यामुळे आरोपांची न्यायालयात शहानिशा झाली नाही. कंपन्यांना मात्र तो करार सोडावा लागला.

अधिक उद्बोधक उदाहरण युरोपातील आहे. डिझेल गाड्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ॲडब्लू नावाचे द्रावण वापरतात. डायमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांनी तांत्रिक बैठकांमधून या द्रावणाच्या टाकीचे आकारमान ठरवून घेतले आणि धूर कायद्याने मागितलेल्या किमान पातळीपलीकडे शुद्ध करण्याची आपसांतील स्पर्धा टाळली, असा निष्कर्ष काढून जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांना मिळून ८७ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. प्रकरण उघड करणाऱ्या डायमलरला तो माफ झाला. किमतीचा प्रश्न नसताना केवळ तंत्रविकासावरील संगनमतासाठी आयोगाने केलेली ही पहिलीच कारवाई होती. याच प्रकरणात आयोगाने हेही स्पष्ट केले की, द्रावण भरण्याच्या तोंडाचा आकार एक करणे किंवा द्रावणाच्या गुणवत्तेची मानके चर्चेने ठरवणे यात काहीच आक्षेपार्ह नव्हते. त्याच कंपन्या, तेच द्रावण. तोंडाचा आकार चालला, टाकीचा चालला नाही. माझ्या मते भेद येथे नेमका दिसतो. यूएसकार-२ सारखे मानक किमान पातळी ठरवते आणि तिच्या वर कितीही जाण्यास प्रत्येकाला मोकळे ठेवते. दंडास पात्र ठरलेल्या समझोत्याने कमाल पातळी ठरवली होती. दुसरी कसोटी उघडपणाची. मानक छापले जाते, ते कोणीही विकत घेऊन वाचू शकतो. टाकीचे आकारमान कोणी छापून विकायला ठेवले नव्हते.

प्रश्न : गाडीच्या आतील कनेक्टरांवर एकमत करणाऱ्या याच कंपन्यांना विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगच्या प्लगवर एकमत का साधता आले नाही?

उत्तर : साध्या चार्जिंगसाठी २०१० च्या आरंभी अमेरिकेत एकमत झाले होते, वाद जलद चार्जिंगच्या प्लगचा होता. जपानी कंपन्यांचा चाडेमो, अमेरिकी आणि जर्मन कंपन्यांनी पुढे आणलेला व २०१२ मध्ये एसएईने स्वीकारलेला सीसीएस, आणि टेस्लाचा स्वतःचा प्लग असे तीन पर्याय झाले. गाडीच्या आतील कनेक्टर ग्राहकाला दिसत नाही आणि त्याच्यावरून तो गाडी निवडत नाही. चार्जिंगच्या प्लगमागे मात्र चार्जिंग केंद्रांचे जाळे आणि त्यात घातलेले भांडवल उभे असते, त्यामुळे माघार महाग पडते. हा पेच चर्चेने सुटला नाही. टेस्लाचे जाळे सर्वांत मोठे आणि भरवशाचे ठरले, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने आपल्या प्लगची रचना इतरांसाठी खुली केली, मे २०२३ मध्ये फोर्डने आणि जूनमध्ये जनरल मोटर्सने ती स्वीकारली, आणि समितीचे काम त्यानंतर, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये, एसएईच्या जे-३४०० या दस्तऐवजाच्या रूपाने कागदावर आले.

२०२४ मध्ये टेस्लाने हाच मार्ग गाडीच्या आतील कमी दाबाच्या कनेक्टरांसाठीही अवलंबला. दोनशेहून अधिक प्रकारच्या जोडांऐवजी सहा प्रकारचे कनेक्टर बहुतेक उपकरणांना पुरतील, असे सांगून तिने ४८ व्होल्टला चालणारी आपली रचना इतरांपुढे ठेवली. येथे मात्र तिच्या हाती चार्जिंग केंद्रांच्या जाळ्यासारखे आमिष नाही, आणि प्रत्येक कंपनीचे पुरवठादार, साचे आणि यंत्रे आधीपासून ठरलेली आहेत. त्यामुळे ही रचना प्लगइतक्या झपाट्याने पसरेल असे मला वाटत नाही. ती पसरलीच तर एखाद्या मोठ्या पुरवठादाराने तिचे कनेक्टर सर्वांना विकायला सुरुवात केल्यानंतर पसरेल.