कॉम्प्युटेक्सपर्यंत थांबू का?

प्रश्न : मुलीला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळालाय, वर्ग जुलैत सुरू होतील. ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी असेंबल करून घ्यायचाय. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, "जूनमध्ये तैपेईला कॉम्प्युटेक्स हे कॉम्प्युटरचं मोठं प्रदर्शन आहे, नवे प्रोसेसर येतील, थांबा." थांबावं का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जुलैत वर्ग आहेत ना? मग अजिबात थांबू नका. तैपेईच्या स्टेजवर दाखवलेली चिप आमच्या वाशीच्या काउंटरवर कधी येईल, याचा नेम नसतो. २०२४च्या कॉम्प्युटेक्सला एएमडीने रायझन ९००० प्रोसेसर जाहीर केले, वायदा जुलैचा केला आणि माल आला ऑगस्टमध्ये. इंटेलने तिथेच लुनार लेक या लॅपटॉपच्या चिपची माहिती दिली. तिचे लॅपटॉप यायला सप्टेंबर उजाडला.

आकड्यांचंही तसंच. जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले, ५४९ डॉलरच्या ५०७० ग्राफिक्स कार्डात आधीच्या पिढीतल्या सर्वात वरच्या ४०९०ची ताकद. दुसऱ्याच दिवशी कोपरखैरण्याचा एक मुलगा मोबाइलवर तो व्हिडिओ थांबवून दुकानात हजर : "काका, बुक करा!" पण ती बरोबरी होती डीएलएसएस ४ या तंत्राच्या जोरावर, म्हणजे गेममध्ये मधल्या फ्रेम एआय रचून देतं तेव्हाची. ब्लेंडरच्या रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला, त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे कार्डाची स्वतःची मेमरी लागते आणि ती ५०७०मध्ये १२ जीबी, ४०९०मध्ये २४. शिवाय कार्ड बाजारात आलं मार्चमध्ये. स्टेजवरच्या डॉलरमध्ये आपला १८ टक्के जीएसटी नसतो, हेही धरून चाला.

म्हणून भाषण ऐकायचंच असेल तर विक्रीची तारीख आणि किंमत तेवढी टिपून घ्या. "अमुक टक्के वेगवान" ऐकू आलं की चहा टाकायला उठा.

खरी झळ बसतेय रॅमची. २०२५च्या अखेरीपासून भाव भडकलेत, कारण मेमरीवाल्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. मायक्रॉनने तर क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं ठरवलं. नव्या प्रोसेसरच्या आशेवर दोन महिने काढलेत आणि तेवढ्यात रॅम आणखी चढली, तर काय मिळवलं? तुमचा दुकानदार खोटं बोलतोय असं नाही हं, पण त्याच्या सल्ल्यात रॅम आलेलीच नाही.

मदरबोर्ड एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायची जागा) घ्या. २०२७पर्यंत आणि पुढेही हे सॉकेट चालवू, असं एएमडीने सांगितलंय. पुढे वाटलं तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावरच नवा प्रोसेसर बसवता येईल. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आणि बजेटमध्ये जास्तीत जास्त मेमरीचं बघा, मग ते मागच्या पिढीचं का असेना. रॅम ३२ जीबी, १६च्या दोन स्टिक. आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी "हा माल आमचा नाही" हे ऐकायला लागत नाही.