वडील ७८ वर्षांचे आहेत, दंड-मांड्या बारीक झाल्यात. स्नायू झिजलेत का, हे रक्ततपासणीतून कळेल का?

एकाच तपासणीतून नाही कळत. थकलेल्या वृद्धांमध्ये सीआरपी, इंटरल्यूकिन-६ (दोन्ही शरीरातली सूज दाखवणारे घटक) वाढलेलं आणि हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व कमी असं बरेचदा दिसतं खरं, पण सीआरपी साध्या संसर्गातही चढतं. नुसत्या आकड्यांवरून निदान होत नाही.

क्रिएटिनिनकडे मात्र नीट बघा. या टाकाऊ पदार्थाच्या रक्तातल्या पातळीवरून किडनीचं काम जोखतात, कमी म्हणजे किडनी चांगली असं धरतात. पण ते स्नायूंतून तयार होतं. स्नायू घटले की तेही घटतं. मग रिपोर्टवर ०.६ बघून घरचे म्हणतात, "किडनी एकदम छान!" प्रत्यक्षात ती मंदावलेली असू शकते, आणि कित्येक औषधांचा डोस किडनीच्या कामावरच ठरतो. म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. किडनीचं काम सांगणारी दुसरी रक्ततपासणी, सिस्टॅटिन-सी, स्नायूंवर तितकी अवलंबून नसते, ती करून घ्यायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

त्याआधी घरीच एक करा. हातांची छातीवर घडी घालून वडिलांना खुर्चीतून सलग पाच वेळा उठबस करायला सांगा (शेजारी कुणीतरी उभं राहा). १२ सेकंद किंवा जास्त लागले तर २०१९च्या आशियाई निकषांप्रमाणे स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. दवाखान्यात हाताची पकडही मोजतात: पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी, बायकांत १८पेक्षा कमी म्हणजे ताकद घटलेली. वजनही उतरत असेल तर थांबू नका, साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या.